एका गाडीला एक खटका

मित्रांनो, मला फक्त आकड्यांत बोलता येते, आणि तेही चार आकड्यांपर्यंतच. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे गेलो की मी पुन्हा शून्यावर येतो. त्यामुळे एवढी लांब गोष्ट सांगताना माझी जरा तारांबळ होणार आहे, ती सांभाळून घ्या.

मी एक जुने मोजणीयंत्र आहे. गोल, पोलादी, मुठीत मावेल एवढे. वर अंगठ्याने दाबायचा खटका, पुढे काचेची लहानशी खिडकी, खिडकीत आकड्यांची चार चाके. बाजूला एक गुंडी आहे, ती फिरवली की सगळीकडे शून्य. पाठीवर एक कडी आहे, तिच्यात मधले बोट अडकवायचे. खटका दाबला की टक् असा आवाज होतो आणि आकडा एकाने पुढे सरकतो. एवढेच माझे शिक्षण. पण तेवढे मला पक्के येते आणि त्याचा मला गर्व आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. खिडकीपाशी एक बाई बसत. डोळ्याला भिंग लावून त्या चिमट्याने माझी चाके ओवत होत्या आणि त्याच वेळी शेजारणीला आपल्या जावेच्या कागाळ्या सांगत होत्या. तोंड चालू, हात चालू, पण एकही चाक वाकडे बसले नाही. पुढच्या टेबलावर एक चष्मेवाले तपासनीस होते. ते प्रत्येक यंत्र हजार वेळा दाबून पाहत. माझ्या शेजारच्या भावाने हजाराला एक हजार एक दाखवले. तपासनिसांनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि पायाशी ठेवलेल्या भंगाराच्या पेटीत टाकून दिले. फक्त एकाने चुकला होता तो. मी हजाराला हजार दाखवले आणि पास झालो, पण त्या पेटीतला खडखडाट माझ्या मनातून आजवर गेलेला नाही.

तिथून मी रस्ते कचेरीत आलो. ही कचेरी शहरातल्या रस्त्यांवरची रहदारी मोजते. कुठे दिवे बसवायचे, कुठला रस्ता रुंद करायचा, रस्त्याकडेला नवे दुकान उघडू द्यायचे की नाही आणि दिले तर त्याचे फाटक कुठे ठेवायचे, हे सगळे त्या मोजणीवरून ठरते. भांडारातल्या कारकुनाने मला एका तरुण मोजणीदाराच्या हातात ठेवले. त्याचा तो नोकरीचा पहिला दिवस होता आणि माझाही. त्याने मधले बोट माझ्या कडीत अडकवले, आणि पुढची एकतीस वर्षे ते तिथेच होते म्हटले तरी चालेल.

पुढे लोक त्यांना अचूकराव म्हणू लागले. नाव चेष्टेने पडले होते, पण चेष्टा करणाऱ्यांनाही अवघड चौक मोजायची वेळ आली की तेच आठवत. त्यांचा एक नियम होता आणि नव्या मोजणीदारांना ते तो घोकून घेत. मोजताना आकड्याकडे बघायचे नाही. नजर रस्त्यावर, अंगठा खटक्यावर, एका गाडीला एक खटका. आकड्याकडे पाहिले की तेवढ्यात एखादी दुचाकी निसटते. शिवाय माणूस मोहात पडतो, नव्व्याण्णव दिसले की शंभर करावेसे वाटतात. म्हणून पाव तासाने एकदाच खिडकीत पाहायचे, आकडा कागदावर लिहायचा, गुंडी फिरवायची आणि पुन्हा नजर रस्त्यावर. मला हा नियम फार आवडे. माझ्याकडे न बघता माझ्यावर विसंबणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. पुढे हाच नियम आमच्या अंगाशी आला, पण ते नंतर सांगतो.

आमच्या हातून चांगली कामे झाली. एका शाळेपुढे आम्ही तीन दिवस उभे होतो आणि त्या मोजणीवरून तिथे दिवे बसले. दिवे पहिल्यांदा लागले त्या सकाळी अचूकराव मला खिशात घालून मुद्दाम पाहायला गेले. गाड्या थांबल्या, मुले रमतगमत रस्ता ओलांडून गेली. आमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. अचूकरावांनी खिशात हात घालून मला दोनदा थोपटले आणि आम्ही परत आलो.

त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी त्यांच्याच घरात वाढली. सहा वर्षांची असताना ती महाखोडकर होती. एका संध्याकाळी वाऱ्याने कागद उडाल्यामुळे शेवटच्या पाव तासाचा आकडा माझ्यातच राहिला होता, तो अचूकराव घरी येऊन लिहिणार होते. ते आंघोळीला गेले आणि या कार्टीने खुंटीवरच्या सदऱ्यातून मला काढून मनसोक्त खटके दाबले. मग भांडे फुटल्यासारखा चेहरा करून कबूलही केले. पन्नास वेळा दाबले, पन्नास वजा करा ना मामा, असे ती मुसमुसत म्हणाली. मामा रागावले नाहीत. पन्नासच कशावरून, एक्कावन्न असतील तर, असे त्यांनी तिला विचारले.

"चुकलेला आकडा वजाबाकीनं सुधारत नाही, बाळ. पुन्हा मोजावा लागतो," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच खांबाखाली आम्ही पुन्हा पाव तास उभे राहिलो. भाचीलाही सोबत नेले होते. तिने तेव्हापासून मला हात लावला नाही. पुढे ती शिकली, इंजिनीअर झाली आणि मामांच्याच कचेरीत वरच्या जागेवर लागली. घरी मामा तिला ताटातले संपव म्हणून दटावत आणि कचेरीत त्यांच्या कागदांवर तिची सही लागे. दोघांनाही त्यात काही वावगे वाटत नसे.

आता पुढचे सांगताना माझी चाके जड होतात. गेल्या वर्षी एका सकाळी आम्ही एका पुलाच्या तोंडाशी उभे होतो. एक ट्रक गेला आणि अंगठा खाली आला. टक्. मी एकाने पुढे गेलो. अंगठा वर उठता उठता थरथरला आणि आपला आपणच पुन्हा खाली आला. टक्. ट्रक एकच होता, मित्रांनो. मी मात्र दोन दाखवत होतो.

अचूकरावांना ते कळले नाही. रस्त्याच्या गोंगाटात माझा आवाज तो केवढा, आणि नजर तर नियमाप्रमाणे रस्त्यावर. सुरुवातीला असे दिवसातून एखाद्या वेळी व्हायचे, मग पन्नासांत एकदा, मग दहांत एकदा. त्यांच्या हातातली कपबशी वाजू लागली. वळणदार अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक झाले. भाचीने हे पाहिले होते, पण ज्या माणसाचे नावच अचूकराव त्याला तुमचा हात चुकतो असे कोण सांगणार? मीही मूग गिळून बसलो असे मात्र म्हणू नका. बसायचे की बोलायचे हे ठरवायला आधी तोंड लागते.

अशात एका कॉफीच्या दुकानाचा अर्ज आला.

अर्ज करणाऱ्या बाई बावीस वर्षे एका दवाखान्याच्या कँटीनमध्ये होत्या. सगळे त्यांना कँटीनताई म्हणत. एका वळणाच्या पुढे, रस्त्याला लागून, त्यांच्या वडिलांचे टायर दुरुस्तीचे दुकान होते. ते बरीच वर्षे बंद पडून होते. तिथे गाडीतून उतरून घोटभर कॉफी प्यावी आणि पुढे जावे असे लहानसे दुकान काढायचे त्यांच्या मनात होते. परवानगी मिळणारच अशा भरवशावर त्यांनी कँटीनचा राजीनामाही देऊन टाकला होता. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. कारण कचेरीचा नियम कडक होता. गर्दीच्या एका तासात नऊशेहून जास्त गाड्या जात असतील, तर तसल्या रस्त्यावर नवे फाटक उघडता येत नाही. आणि एकदा नकार मिळाला की तीन वर्षे पुन्हा अर्ज करता येत नाही.

भाची म्हणाली की बाकी दुकानांचे ठीक असते, कॉफीच्या दुकानाचे गिऱ्हाईक नेमके गर्दीच्याच वेळी येते. तल्लफ आणि कामावर जायची घाई एकाच तासाला गाठतात. म्हणून मंगळवारी सकाळी आठ ते नऊ मोजायचे ठरले. तिने स्वतः टेप लावून वळणापासूनचे अंतर मोजले, बसथांबा कागदावर आखला, आणि दुकानातून निघणाऱ्या गाडीला रस्त्यावर यायला मोकळी जागा किती वेळाने मिळेल, हे घड्याळ लावून पाहिले. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या मोजायचे काम अचूकरावांचे आणि माझे. ते घडीच्या स्टुलावर बसले. समोर, बंद दुकानाच्या पायरीवर कँटीनताई मांडीवर दोन डबे घेऊन बसल्या होत्या आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात काहीतरी टाकत होत्या. त्यांनी थर्मासमधली कॉफी पुढे केली, पण अर्जदाराकडचे काही घेत नाही म्हणून अचूकरावांनी हात जोडले.

तासभर अंगठा खाली-वर होत राहिला. मी त्याला थांबवू शकत असतो तर थांबवले असते. चार पाव तासांची बेरीज नऊशे अठ्ठेचाळीस झाली.

दोन दिवसांनी कँटीनताई कचेरीत आल्या. सोमवारच्या बैठकीत अर्ज नाकारला जाणार, हे त्यांना भाचीकडून कळले होते. आवाज चढवला नाही की रडल्या नाहीत. पिशवीतून डबा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. त्यात भाजलेल्या कॉफीच्या बिया होत्या. सकाळच्या गडबडीत कँटीनमधून किती कप गेले हे त्या बावीस वर्षे असेच मोजत आल्या होत्या, एका कपाला एक बी. रस्त्यावरून किती गिऱ्हाईक मिळू शकेल याचा अंदाज घ्यावा म्हणून मंगळवारी त्यांनी एका गाडीला एक बी टाकली होती.

"मला तक्रार करायची नाहीये हो," त्या म्हणाल्या. "फक्त समजून घ्यायचंय. माझ्या आठशे एकसष्ट भरल्या. घरी जाऊन दोनदा मोजल्या."

अचूकरावांचा चेहरा आक्रसला. बिया सांडतात, यंत्र सांडत नाही, असे ते म्हणाले. त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या की सांडल्या असत्या तर उचलल्या असत्या, चांगल्यापैकी बिया आहेत. डबा तिथेच ठेवून त्या निघून गेल्या.

भाचीने दार लोटून घेतले.

"मामा, मंगळवारी त्यांना नऊशेचा नियम माहीतच नव्हता. त्यांना गाड्या जास्त हव्या होत्या. लबाडी करायची असती तर त्यांनी वाढवून मोजलं असतं, कमी नाही."

अचूकरावांनी खिशातून मला काढले, तळहातावर घेऊन उलटेसुलटे केले आणि म्हणाले, "मग हेच म्हातारं झालं असेल."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! एकतीस वर्षे उन्हातान्हात ज्या माणसाबरोबर राहिलो त्याने पहिला आळ माझ्यावर घ्यावा, याचे मला फार वाईट वाटले. त्यांनी मला खणात टाकले. तिथे वाळलेली पेने होती, गंजक्या टाचण्या होत्या आणि कान तुटलेला एक कप होता. अंधारात पडल्या पडल्या मी नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण मनातल्या मनात घोकत होतो, आणि मधूनच त्या भंगाराच्या पेटीचा खडखडाट आठवत होता.

शनिवारी खण उघडला. अचूकराव मला घेऊन त्यांच्या बालपणीच्या मित्राकडे गेले. हा मित्र घड्याळे दुरुस्त करतो. त्याच्या दुकानात भिंतभर घड्याळे आहेत आणि प्रत्येक आपलीच वेळ खरी म्हणून अडून बसलेले असते. यंत्रात बिघाड आहे असे जाणकाराने लिहून दिले, तर कचेरी पुन्हा मोजायला परवानगी देईल, एवढ्यासाठी ते आले होते.

घड्याळवाल्यांनी माझी पाठ उघडली, धूळ काढली, थेंबभर तेल सोडले. मग खटका शंभर वेळा दाबला. मी शंभर दाखवले. पुन्हा शंभर वेळा दाबला. मी दोनशे दाखवले. याला काहीही झालेले नाही, असे ते म्हणाले. अचूकरावांचे म्हणणे होते की ते फक्त रस्त्यावर चुकते.

"मग रस्त्यावर दाबतोस तसं दाब," घड्याळवाले म्हणाले आणि त्यांनी मला शून्यावर आणले. "त्या मोठ्या घड्याळाकडे बघ. एका सेकंदाला एक."

अचूकरावांनी नजर घड्याळावर लावली. एक मिनिट झाले. घड्याळवाल्यांनी खिडकीत पाहिले आणि मला त्यांच्यापुढे सरकवले. साठाला मी सहासष्ट दाखवत होतो.

त्यांनी पुन्हा केले. सदुसष्ट आले. तिसऱ्या खेपेला त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही की माझ्याकडेही नाही. ते फक्त स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत दाबत राहिले. अंगठा खाली गेला, वर आला, आणि वर येता येता थरथरून पुन्हा खाली गेला. टक्. अचूकरावांनी तो डाव्या हाताने धरला, तसा डावा हातही बारीक थरथरू लागला. दोन दिवस मी त्यांच्यावर रागावलो होतो, तो राग तिथेच विरला.

घड्याळवाले हळूच म्हणाले, "मी लिहून देतो. खटका सैल झालाय, दुहेरी पडतो म्हणून. एवढं जुनं यंत्र, कोण विचारणार? पुन्हा मोजणी होईल, बाईंचं काम होईल आणि तुझं नावही राहील."

विचार करा, मित्रांनो. सगळ्यांचेच भले होणार होते. फक्त मी तेवढा भंगारात जाणार होतो, आणि एका जुन्या यंत्रासाठी कोण रडत बसतो? अचूकरावांनाही ते पटले असावे, कारण ते लगेच नाही म्हणाले नाहीत. भिंतीवरची घड्याळे आपापल्या चालीने चालत राहिली. मी त्यांच्या मुठीत होतो आणि ती मूठ घामाने ओली झाली होती.

"आणि मग कचेरी मला नवं यंत्र देईल," ते शेवटी म्हणाले. "त्याच्यावर अंगठा कुणाचा असेल?"

घड्याळवाल्यांनी लिहायला घेतलेला कागद बाजूला ठेवला.

"यानं एकतीस वर्षांत एकही जास्त मोजलेला नाही," अचूकराव म्हणाले. "मी जितके दाबले तितकेच यानं दाखवले."

माझे कौतुक पूर्वीही झाले होते. पण आपल्याच बदनामीची किंमत देऊन कुणी माझी बाजू घेतल्याचे मी पहिल्यांदाच पाहिले. मला डोळे असते तर ते भरून आले असते.

घरी जिन्यातच भाची भेटली. यंत्र ठीक आहे आणि चूक अंगठ्याची आहे, असे त्यांनी तिला उभ्या उभ्याच सांगून टाकले. तिने मान खाली घातली. कपबशी वाजते हे आपल्याला कळले होते, पण बोलायला जीभ रेटली नाही, असे ती म्हणाली.

"मी ऐकलं नसतं," मामा म्हणाले. "तरी बोलायला हवं होतंस."

दोघे पायरीवर बसले. मामा फार थकलेले दिसत होते. दहांत एक जास्त पडतो हे आता कळलेच आहे, तर मंगळवारच्या आकड्यातून तेवढे वजा करून बैठकीत मांडले तर चालेल का, असे त्यांनी विचारले.

"चुकलेला आकडा वजाबाकीनं सुधारत नाही, मामा," भाची म्हणाली.

मामांनी तिच्याकडे पाहिले आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

त्यांनी त्या मुंग्यांच्या अक्षरात पत्र लिहिले. दोष यंत्राचा नसून मोजणाऱ्याच्या अंगठ्याचा आहे आणि गेल्या वर्षभरात आपण केलेल्या नऊही मोजण्या पुन्हा कराव्यात, असे त्यात होते. सोमवारी साहेबांनी ते दोनदा वाचले. अर्जाचा निर्णय आठवडाभर पुढे ढकलला गेला. दुपारपर्यंत अचूकराव चुकले ही बातमी मजल्यामजल्यावर पोहोचली होती. काही जण हसलेही. अचूकराव आपल्या टेबलावर बसून होते. कान लाल झाले होते, पण उठून गेले नाहीत.

मंगळवारी आम्ही पुन्हा त्या वळणावर गेलो. या वेळी भाचीने मधले बोट माझ्या कडीत अडकवले. सहा वर्षांची असताना केलेल्या उद्योगानंतर ती मला पहिल्यांदाच हातात घेत होती. मामा तिच्या मागे स्टुलावर बसले होते, हात मांडीखाली दाबून. कँटीनताई पायरीवर डबे घेऊन हजर होत्याच. गाडीमागून गाडी गेली. नजर रस्त्यावर, अंगठा खटक्यावर. किती हलके वाटत होते म्हणून सांगू! चार पाव तास संपले आणि बेरीज आठशे सदुसष्ट झाली. कँटीनताईंच्या बिया आठशे सहासष्ट भरल्या. मधे एकदा आपल्याला शिंक आली होती, तेवढ्यात एक गाडी गेली असेल, असे त्या म्हणाल्या.

परवानगी मिळाली. फाटक वळणापासून लांब, जागेच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचे आणि रस्त्यावर गाडी उभी करू द्यायची नाही, अशा अटी होत्या. कँटीनताईंनी त्या कागदाला चौकट करून भिंतीवर लावले. इतर आठ मोजण्याही झाल्या आणि त्यांतल्या दोन जागांचे निर्णय बदलले. अचूकराव डॉक्टरांकडे जाऊ लागले. औषधाने थरथर थोडी कमी झाली आहे, पण गेलेली नाही. आता ते मोजत नाहीत. नव्या मोजणीदारांना शिकवतात. नियम जुनाच आहे, फक्त त्याच्या आधी एक गोष्ट वाढली आहे. रस्त्यावर जाण्यापूर्वी प्रत्येकाने घड्याळाकडे पाहत साठ वेळा खटका दाबायचा आणि मग खिडकीत बघायचे. हे असे का, याचे कारण ते स्वतःच सांगतात, स्वतःचा अंगठा वर करून.

मित्रांनो, मी आता भाचीच्या पर्समध्ये राहतो. माझा मुलामा उडाला आहे आणि गुंडी जरा घट्ट फिरते. तुमच्याकडेही माझ्यासारखे जुने काही असेल. ते चुकते आहे असे वाटले, तर फेकण्यापूर्वी एकदा आपला हात तपासून बघा. आणि हात आपल्या माणसाचा असेल, तर गप्प बसू नका. त्याला सांगा, पण त्याच्या शेजारी पायरीवर बसून सांगा.

दर शनिवारी मामा-भाची त्या कॉफीच्या दुकानात जातात. मामा खिडकीपाशी बसतात, भाची मला टेबलावर ठेवते. बाहेरून गाड्या जातात आणि मामांचा अंगठा गुडघ्यावर खाली-वर होत राहतो, कधी कधी दोनदा. कँटीनताई स्वतः कॉफी घेऊन येतात. दुकानात सगळ्यांचे कप काठोकाठ भरलेले असतात, मामांचा तेवढा पाऊणच असतो. त्याबद्दल त्या कधी काही बोललेल्या नाहीत. मामा दोन्ही हातांनी कप उचलतात. कप थरथरतो, पण एक थेंबही सांडत नाही. तो रिकामा झाला की त्या उरलेली पाव कप कॉफी घेऊन पुन्हा येतात.